बेडीतली चक्कर

शाळेच्या व्हरांड्यात हवालदार रामप्रसादांनी स्वतःच्याच मनगटात बेडी अडकवली, तशी पोरं टाळ्या पिटायला लागली. ऊसतोड मजुरांच्या आणि शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांच्या मुलांसाठी पोलिसांनी युसूफ वडगावात उन्हाळी शिबिर भरवलं होतं. पोरांच्या मनातली खाकीची भीती घालवायचं काम रामप्रसादांकडे होतं.

"बगा, हात तुटला का माजा? मग भ्यायचं कावून?"

तेवढ्यात सारजाबाई तरातरा आत आल्या आणि त्यांनी नातीचा दंड धरला. "बबे, चल घरी. शेरडं कोन राखनार? माजं गुडगं गेलं कामातून."

"आज्जे, उद्या पळायची शर्यत हाय!"

आजी ऐकेना. तेव्हा बबितानं हवालदारांच्या हाताला लोंबणारी दुसरी कडी उचलली आणि आजीच्या मनगटात खटकन बसवली. "आता ने बरं मला!"

पोरं खदखदली. रामप्रसादही हसत हसत खिसे चाचपू लागले आणि चौथ्या खिशापाशी त्यांचं हसू मावळलं. किल्ली कालच्या पँटीत राहिली होती आणि पँट केजला घरी होती. शिपाई तानाजी मोटारसायकलवर सुसाट निघाला.

"आज्जी, जरा बसा. आत्ता येईल तो."

पण आजीनं येताना बाहेर लिंबाला बांधलेल्या शेळ्या उपाशी होत्या. त्यांनी दावी तोडली आणि रानाची वाट धरली.

"आरं माजी शेरडं!" गुडघे विसरून सारजाबाई पळाल्या. त्यांच्या मागं, एक हात पुढं काढून, रामप्रसादही फरफटत निघाले. वेशीतले लोक उठून उभे राहिले.

"काय गुन्हा केला गं, सारजे?"

"म्या न्हाई केला. ह्यांनीच केलाय, धरून नेतेय!" आजी ओरडल्या. रामप्रसादांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

शेळ्या नेमक्या सारजाबाईंच्याच वावरात शिरल्या. तिथं शेजारच्या पंडितच्या म्हशी नेहमीसारख्या निवांत चरत होत्या. पंडितनं मान वर केली. सारजाबाईंच्या हाताला चक्क पोलीस! तो तीन ताड उडाला.

"काकू, एवढ्यासाठी पोलीस कावून आनला? नेतो की म्हशी! परत न्हाई यायच्या, आईशप्पथ!"

तीन वर्षं भांडून न सुटलेलं वावर घटकाभरात मोकळं झालं. सारजाबाई आधी पंडितकडे बघत राहिल्या, मग बेडीकडे आणि मग हवालदारांकडे. त्यांच्या चेहऱ्यावरची आठी हळूहळू सुटली.

"सायेब, बबीला ऱ्हाऊ द्या शिबिरात. शेरडाचं मी बगते."

रामप्रसादांनी सुटकेचा निःश्वास सोडला. इतक्यात तानाजी धुरळा उडवत आला आणि त्यानं घाईघाईनं किल्ली पुढं केली. सारजाबाईंनी बेडीचा हात झटकन मागं ओढला. त्याबरोबर हवालदारही मागं आले.

"एवढी कायची घाई हाय? वड्याकाठचं वावर ऱ्हायलंय अजून. तिथं जनावरं घालनारा दुसराच हाय, लई माजलाय."

रामप्रसादांनी किल्ली घेऊन खिशात टाकली, टोपी सरळ केली आणि शेळ्यांना हाक दिली.