शाळेच्या बघण्याचा कार्यक्रम

धडाड-खळ्ळ, धडाड-खळ्ळ. असा तो आवाज होता. मी तेव्हा तिसरीत होतो. गुरुजी पाढे म्हणून घेत होते आणि गावाबाहेरून हा आवाज यायला लागला. कुणी म्हणालं ढग, कुणी म्हणालं निजामाची पलटण परत आली. (निजाम जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या वाडीला बातम्या सावकाश पोचतात.) शेवटी गुरुजींनीच पाढे सोडले आणि आम्ही सगळे पळत सुटलो. उमरग्याहून बैलगाडीत शाळेसाठी नवेकोरे पत्रे येत होते. चाक खड्ड्यात गेलं की गाडीभर पत्रे एकदम बोलायचे.

शाळेवर पत्रे चढले आणि त्याच साली वडलांनी मला म्हशींमागं धाडलं. म्हणजे त्या पत्र्याखाली मी काही फार बसलो नाही. तरी ते पत्रे मला घरचे वाटतात. आज शाळेवर तेच पत्रे आहेत, फक्त त्यांना भोकं पडली आहेत. पावसाळ्यात लेकरं दप्तरं डोक्यावर घेऊन मठात जाऊन बसतात. माझी नात शिवकन्या तिथंच चौथीत शिकते. पोरगा-सून पुण्याला कामाला, आणि ती आमच्याजवळ. पोरगा फोनवर म्हणतो, "आप्पा, औंदा पत्रे झाले न्हाईत तर मी तिला घेऊन जाणार." तेवढ्यावर घरात दोन दिवस कुणी धड जेवत नाही.

नातीमुळं मी शाळा समितीचा अध्यक्ष आहे. निवडीच्या सभेत सगळे बोलत होते, मी एकटा गप्प होतो. गप्प बसणाऱ्याचा होकार धरतात, हे मला तेव्हा कळलं.

आमच्या मुख्याध्यापिका राजेश्वरी मॅडम. पत्र्यासाठी त्यांनी काय नाही केलं! शाळेची फाईल वर पाठवली. ती अजून वरच आहे. मग त्या रोज संध्याकाळी कंपन्यांना आणि संस्थांना पत्रं लिहायला लागल्या, पत्र्याचे फोटो जोडून. एकानं उत्तरात कॅलेंडर पाठवलं. एका संस्थेनं पोतंभर टूथब्रश पाठवले. (मीही दोन आणले. दात चारच आहेत, पण ब्रश चांगला निघाला.) शेवटी पुण्याच्या एका कंपनीनं कळवलं, आम्ही शाळा बघायला येतो.

मी मॅडमना विचारलं, "पर ती लोकं आपल्याला का म्हणून देतील?"

"आप्पा, कंपनीला नफा झाला की थोडा भाग लोकांच्या कामाला द्यावा लागतो. कायदाच आहे."

खळ्यावर रास झाली की पहिलं सूप देवाला काढतात, तसं ते असावं. मला पटलं.

आदल्या दिवशी मॅडम लोहाऱ्याला गेल्या. सकाळी पाहुण्यांच्या गाडीतूनच त्या वाट दाखवत येणार होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "आप्पा, शाळा जरा झाडून ठेवा."

मी झाडलं. झाडता झाडता साहेबांसाठीच्या खुर्चीला हात लावला, तर तिनं मान टाकली. म्हणून मी ठरवलं, घरची एक खुर्ची आणून ठेवावी. एवढंच. एक खुर्ची.

घरी तारामती नव्हती. तारामती म्हणजे आमची मंडळी. ती अणदूरला बहिणीकडं चार दिवस राहायला गेली होती. ती घरी असती तर पुढचं काहीच झालं नसतं, आणि ही गोष्टही झाली नसती.

खुर्ची डोक्यावर घेऊन निघालो, तर शेजारचा शरणप्पा वाटेत भेटला. शरणप्पाला बोलायला कारण लागत नाही, फक्त माणूस लागतो.

"आप्पा, खुर्ची कुणीकडं?"

"शाळंला. पाहुणे येणार हायेत बघायला."

"बघायला? आन् नुसती खुर्ची? तुमच्या पोरीला बघायला आले तवा कसं केलतं, इसरलाव व्हय? वैनीनं माझं कपाट नेऊन भिंतीची वल झाकाया लावलतं. पाहुणे कपाट बघून खूश. जमलं का न्हाय?"

जमलं होतं. पोरगी आज सुखात आहे. बघायला येणाऱ्या पाहुण्याला घरची भोकं कुणी दाखवतं का? शरणप्पाचं म्हणणं मला पटलं. (मला कुणाचंही म्हणणं पटतं. तारामतीच्या मते माझ्यात हा एकच गुण आहे आणि तोच दोष आहे.)

शरणप्पानं ट्रॅक्टर काढला. शाळेच्या भिंतीला मोठी भेग होती, तिच्यापुढं आमचं आरशाचं लोखंडी कपाट उभं केलं. कपाट बसल्यावर बाकीची भिंत उघडी वाटायला लागली, म्हणून घड्याळ लावलं. उकडायला लागलं म्हणून टेबलफॅन आणला. शरणप्पा म्हणाला, शहरातल्या शाळेत आजारी लेकरासाठी खाट असते. माझी खाट आली, वर गोधडी. मग म्हणाला, आता शाळा डिजिटल लागतात. माझा रेडिओ टेबलावर ठेवला आणि त्यावर विणलेला रुमाल टाकला. रुमालाखाली तो बराच डिजिटल दिसत होता.

मग मी खुर्चीवर बसून पाहिलं. डोक्यावर ऊन आलं. बरोबर वरच भोक.

"ह्येचं काय करावं?" मी म्हणालो.

"छत बांधायचं. मांडवात बांधतेत तसं."

"कापड कुठलं?"

शरणप्पा काहीच बोलला नाही. त्यानं फक्त आमच्या घराकडं पाहिलं. जन्मात पहिल्यांदा तो गप्प राहिला, आणि नेमका तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

तारामतीची लोखंडी पेटी मी उघडली. जुनी लुगडी तेवढी घ्यायची असं ठरवलं होतं, पण मला जुनं-नवं सगळं सारखंच दिसतं. (हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.) हिरवं, जांभळं, तांबडं, इरकली काठांची लुगडी वाशांना ताणून बांधली. खरं सांगतो, लई देखणं दिसत होतं. मी खाली उभा राहून वर बघत होतो, आणि लग्नातली तारामती आठवत होती.

सकाळी लेकरं आली, मागोमाग शरणप्पाही. आरशापुढं भांग पाडायला रांग लागली. मी त्यांना बजावलं, "पाहुण्यासमोर घरातलं उणं काढायचं न्हाय. इचारलं तर म्हणायचं, सगळं बेस हाय."

अकराच्या सुमाराला गाडी आली. कंपनीचे एक साहेब उतरले, टक्कल पडलेले, शांत. बरोबर चष्म्याच्या एक बाई. मागून राजेश्वरी मॅडम. मॅडम दारात आल्या आणि तिथंच थांबल्या. ज्वारीचं म्हणून पोतं उघडावं आणि आत करडई निघावी, तसा त्यांचा चेहरा झाला.

साहेब खुर्चीवर टेकले. घड्याळ पाहिलं. कपाट पाहिलं. पंख्याचं वारं घेतलं. मग मान वर करून छत पाहिलं, आणि हातातल्या मोठ्या फोनमधला फोटो पाहिला.

"मॅडम, फोटोत तर पत्र्याला भोकं होती."

"होती... म्हणजे आहेत सर..."

मी सहसा चारचौघांत बोलत नाही. पण त्या दिवशी उभा राहिलो आणि छाती काढून म्हणालो, "साहेब, एक बी दिसायचं न्हाय!"

मॅडमनी डोळे मिटले.

साहेबांनी लेकरांना विचारलं, "काय रे बाळांनो, पावसात वर्ग गळतो का?"

लेकरांनी माझ्याकडं पाहिलं आणि एका सुरात म्हणाली, "न्हाय! सगळं बेस हाय!" शिवकन्याचा आवाज सगळ्यांत मोठा.

साहेब हसले. "मॅडम, तुमची शाळा आमच्या ऑफिसपेक्षा बरी आहे हो. आम्हाला गरजू शाळा हवी आहे. दुपारी कळंबकडची एक शाळा बघायची आहे, तिथं दिलेलं बरं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. तो टक असा आवाज झाला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, हे बघणं वेगळं होतं! इथं भोकंच दाखवायची होती! मी बोलायला तोंड उघडलं, पण सगळे शब्द आधीच खर्चून बसलो होतो. आणि डोळ्यापुढं पुण्याची एसटी दिसायला लागली, खिडकीत शिवकन्या.

तेवढ्यात रस्त्यावरून आरोळी आली.

"लुटलं ओ लुटलं! घर धुवून नेलं माझं!"

आवाज मी ओळखला. आपल्या जावयासमोर बहिणीनं तारामतीच्या आमटीत मीठ जास्त काढलं होतं, म्हणून ती चार दिवसांचं माहेरपण दोन दिवसांत संपवून पहिल्या गाडीनं परत आली होती. घराचं कुलूप काढलं तर आत काहीच नाही. खाट नाही, कपाट नाही, नवरा नाही. ती शाळेत मला शोधत आली, नवरा गेला तर शाळेशिवाय कुठं जाणार म्हणून.

"अवो, चोर शिरलेत घरात, आन् तुमी हितं..." असं म्हणता म्हणता तिला पंखा दिसला. "ह्यो तर माझा पंखा!" मग घड्याळ. "माझं घड्याळ! माझं कपाट! आता गं बया, चोरानं सारं शाळंत आणून मांडलंय!"

चष्म्याच्या बाई टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांना वाटलं, स्वागताची नाटिका सुरू झाली. "किती नैसर्गिक काम करतात काकू!" त्या म्हणाल्या.

तारामतीनं वर पाहिलं.



"माझी लुगडी," ती हळूच म्हणाली. मग बाकावर चढली आणि हिरव्या लुगड्याचा पदर धरून ओढला. गाठी मी बैल बांधतो तशा मारल्या होत्या, एक टोक ओढलं की सुटणाऱ्या. हिरवं सुटलं, त्यामागं जांभळं, मग तांबडं. त्याबरोबर चिमणीचं जुनं घरटं, गंजाचा भुगा, लिंबाचा पाला, सगळं साहेबांच्या टकलावर. आणि मग वर्गभर ऊन. भोकाभोकातून उन्हाचे कवडसे, भिंतीवर, बाकांवर, साहेबांच्या शर्टावर.

साहेब काही बोलायच्या आत शिवकन्या उठली. तिला राहवलंच नाही.

"सर, कवडसा तुमच्या खिशावर आला न्हवं? म्हंजी आता खिचडीची सुट्टी व्हतीय. आमी त्येच्यावरच बघताव."

"आणि पाऊस आला की?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मग सगळी लेकरं एकदम सुटली. मठात बसतो सर, दप्तर डोक्यावर घेतो सर, फळा पुसावा लागत नाही सर, आपोआप पुसतो.

साहेब उठून एकेक भोक बघत फिरले. त्यांनी टकलावरचा पाला काढला आणि पेनाचं टोपणही काढलं. "मॅडम, पावसाळ्याआधी नवे पत्रे बसतील," ते म्हणाले.

मॅडमनी पदरानं डोळे पुसले. शरणप्पा मला म्हणाला, "म्या म्हणलं न्हवतं, कपाटानं जमतंय?"

"फक्त एक," साहेब म्हणाले. "आमच्या नियमात लोकसहभाग लागतो. गावानं शाळेला काहीतरी दिलेलं असावं. काय लिहू?"

शरणप्पाला एकाएकी ट्रॅक्टर बघून यावंसं वाटलं. मी जमिनीकडं बघत राहिलो. बोलली ती तारामती. लुगड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "काय लिवू म्हंजे? एवढं सारं आणून ठिवलंय की ह्या माणसानं."

"हे सगळं द्यायचं, काकू?"

"सारं न्हाय. मी सांगते तसं लिवा."

राजेश्वरी मॅडमनी वही उघडली. "कपाट?"

"माझ्या भावानं दिलंय. घरी."

"घड्याळ?"

"ल्येकाच्या लग्नातलं हाय. घरी."

"पंखा?"

तारामती थांबली. पंख्यापुढं बारकी लेकरं एकमेकांना ढकलत वारं खात होती. "राहू द्या," ती म्हणाली. "लेकरं घामाघूम होत्यात."

"खुर्ची?"

"ह्यांची हाय. राहू द्या."

"रेडिओ?"

"ह्यांचा. राहू द्या."

"अगं..." मी म्हणालो.

"खाट?" मॅडमनी विचारलं. त्या आता सकाळपासून पहिल्यांदा हसत होत्या.

"ह्यांचीच. गोधडी माझी हाय, ती तेवढी काढून द्या."

साहेबही हसत होते. मॅडमनी पेन तसंच धरलं आणि माझ्याकडं बोट केलं. "आणि काकू, आप्पांचं काय लिहू? घरी, का शाळेला?"

तारामतीनं मला पायापासून पटक्यापर्यंत एकदा नीट पाहिलं. लुगड्यांचं गाठोडं काखेत मारलं, गोधडी खांद्यावर टाकली आणि काही न बोलता घराकडं चालू लागली.