धार जाण्याची वेळ

बोथट सुरी ही घराच्या अधःपतनाची पहिली पायरी होय. हे सत्य निवृत्त उपअधीक्षकांना निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात उमगले, म्हणजे जेव्हा वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसह सकाळी नऊलाच वाचून संपू लागले तेव्हा.

पस्तीस वर्षे ज्यांच्या सहीवाचून कागद पुढे सरकत नव्हता, त्यांच्यावाचून घरातले पान खुशाल हलत होते. बायकोने त्यांना दोनदा मटार सोलायला दिले (एकदा अर्ध्यातून परत घेतले). आपण बिनकामाचे झालो, हे त्यांना फार लागले होते.

म्हणून त्यांनी धार लावायचे यंत्र मागवले. सुरी पकडायला चिमटा, कोन मोजायला तबकडी, दगड सरकवायला दांडी आणि चार दगड: भरड, मध्यम, बारीक, आणि ज्याच्या वाटेला ते अजून गेलेले नाहीत तो. माणसाचा हात चुकतो, दांडी चुकत नाही. हे तत्त्व त्यांना कार्यालयातच पटलेले होते.

घरात सुऱ्या तीन. त्या शनिवारी सायंकाळी सहापर्यंत जमा कराव्यात, रविवारी सतरा अंशांत दर बाजूस साठ वेळा दगड फिरवावा, मग कागद कापून चाचणी घ्यावी, कागद नसल्यास डाव्या हातावरचे केस वापरावेत, असे ठरले. (डावा हात सध्या गुळगुळीत आहे. मुलीने दोनदा विचारले, बाबा, भाजलं का कुठे?)

पहिल्या रविवारी अडीच तासांत एक सुरी झाली. तिने टोमॅटो अलगद कापला, अंगठा त्याहून अलगद. पट्टी बांधताना बायको म्हणाली, धार मात्र छान लागलीय. हा अभिप्राय त्यांनी वहीत तारखेसह नोंदवला.

पण धार आठवडाभर टिकेना. आधी पोलादावर संशय गेला, मग कोबीवर. ते रोज तासातासाला सुऱ्या तपासू लागले. सात आठवड्यांच्या नोंदींवरून निष्कर्ष निघाला की धार शुक्रवारपर्यंत शाबूत असते आणि शनिवारी दुपारी चार ते पाच या वेळात जाते.

आठव्या शनिवारी सव्वाचारला ते दबक्या पावलांनी पाहणीस गेले. बायको ओट्याच्या दगडी कडेवर सुरी उभी धरून करकर घासत होती. उरलेल्या दोन सुऱ्या शेजारी तयार होत्या.

"अगं, धार जाईल तिची."

"जायलाच हवी," ती मागे न बघता म्हणाली. "उद्या रविवार ना तुमचा."

त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यातच आणखी एक गोष्ट उगाचच आठवली: कार्यालयात प्रत्येक फायलीत त्यांना चूक सापडे, आणि ती नेहमी एकच असे, दुसऱ्या पानावर, सहज दिसेल अशी. त्यावरून त्यांनी कारकुनांना पस्तीस वर्षे झापले होते. कारकून मान खाली घालून ऐकत. आता वाटले, हसू लपवत असावेत.

सहा वाजता सुऱ्या रीतसर जमा झाल्या. रविवारी त्यांनी तबकडी सतरावर आणली आणि वहीत लिहिले: 'धार गेलेली. कारण: नैसर्गिक झीज.' खाली सही केली.

वाचकांनी हसावे, हरकत नाही. फक्त, घरातले जे एक काम आपल्याशिवाय कुणाला जमत नाही अशी आपली खात्री आहे, त्याची पाहणी करायला शनिवारी सव्वाचारला जाऊ नये.