फुलपाड्यास चाराचे सात कैसे जाहले

आधी वंदन विघ्नहर्त्यास, मग गच्चीवरील टाकीस, आणि मग टाकीतील पाण्यास, की त्याविना फुलपाड्यात थोरामोठ्यांचेही काही चालत नाही. मुलूख विरार, अंमल पूर्वेचा, तेथे मेघडंबरी नामे सोसायटी. तिजमध्ये पाणी पहाटे चारास सुटत असे ते सकाळी सातास कैसे सुटू लागले, ऐसे पुढील पिढीने पुसल्यास तिची खातरजमा व्हावी म्हणोन ही हकीकत लिहिली असे. ऐकणारांनी आपापल्या बादल्या भरोन निवांत बसावे.

मेघडंबरीचे सेक्रेटरी राजमान्य सुधाकरराव तोंडवळकर, नोकरीतून निवृत्त, परंतु कारभारातून नव्हे. पंपरूमची चावी त्यांचे कमरेस शिक्केकट्यारीप्रमाणे लटकलेली. पहाटे चारास उठोन पंप चालू करणे आणि मग मोजे चढवोन आपले फिरणाऱ्या मंडळासह जीवदानीच्या डोंगराच्या दिशेने कूच करणे, याहून थोर पुरुषार्थ त्यांस ठाऊक नव्हता. पाणी अर्धा तास येई आणि जाई. ज्यास उठवेल तो भरी, आणि ज्यास न उठवेल तो मग दिवसभर शेजाऱ्यांकडे कळशी घेऊन हिंडे.

या अमलाखाली सर्वांत हैराण कोण, तर तिसरे मजल्यावरील मनालीबाई घरत. बाई वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या, माहेरी विहीर, पाण्यासाठी झोप मोडावी लागते हे त्यांस सासरी येऊन कळले. यजमान अल्पेशराव यांची झोप ऐसी बळकट की दाराशी नगारे वाजले तरी कूस बदलून घ्यावी. सबब हंडे-बादल्यांची फौज बाईंनी एकटीने लढवावी, मग डबा करावा, आणि मग मुंबईस कचेरी गाठावी. कचेरी कसली, तर देशाची निवडणूक पद्धत सुधारावयाची जाहल्यास मत देण्याच्या आणि मोजण्याच्या दुसऱ्या कोणत्या रीती घेण्याजोग्या आहेत, याचा अभ्यास करणारी. ऐसे थोर काम, आणि भर बैठकीत थोरले साहेब मतदाराच्या जागरूकतेवर बोलत असता बाई घोरल्या. साहेबांनी फर्मान काढिले, की पुन्हा डोळा लागला तर या अभ्यासातून नाव कमी. बाईंनी हाय खाल्ली. झोप मिळाली तरच नोकरी, आणि झोप तर सुधाकररावांचे कमरेस लटकलेली.

आता कोणी म्हणेल, वेळ बदलोन का नाही घेतली? तर दरसाल जनरल बॉडीत त्याजवर मत होई, हात वर करोन. चाराचा पक्ष सुधाकररावांच्या फिरणाऱ्या मंडळाचा. मंडळाचे हात वर गेले की शेजारी बसलेल्या त्यांच्या कुटुंबांचेही हात आपसूक वर जात. सहाचा पक्ष शाळकरी पोरांच्या आयांचा. साताचा शेजारीण फ्लॉसीबाईंचा, की त्या चर्चात सकाळची मिस्सा ऐकोन तेव्हा परततात. आणि नवाचा पक्ष जितेशचा, तो सातिवलीच्या गोदामात रात्रपाळी करोन साडेसहास घरी येई आणि नवापर्यंत निजे. चार ज्यांस नको ते अर्ध्याहून किती अधिक, परंतु तीन छावण्यांत विखुरलेले. चारवाले थोडके, परंतु एकजूट. मग सर्वांहून जास्त हात चारासच निघत, आणि ज्या वेळेस सोसायटी वर्षभर शिव्या घाली तीच वेळ टाळ्यांच्या गजरात कायम होई.

ज्या रोगावर कचेरीत औषधे धुंडाळतो तो आपलेच घरी वस्तीस आहे, हे मनालीबाईंस एके दिवशी हंडा भरता भरता उमगले. मग त्यांनी मसलत केली आणि पार्किंगमध्ये भरलेल्या रविवारच्या सभेत अर्ज रुजू केला, की यंदा हात नकोत, चिठ्ठ्या हव्यात; घरटी एक नव्हे, प्रत्येक जाणत्या माणसास एक; आणि चिठ्ठीवर चारही वेळांस आपले आवडीप्रमाणे एक, दोन, तीन, चार ऐसे क्रम घालावे. जी वेळ तळास जाईल ती बाद करोन तिची मते ज्याच्या त्याच्या पुढल्या पसंतीस द्यावी, म्हणजे फाटाफुटीचा तोटा कोणास होणार नाही. सुधाकरराव मिशीत हसले आणि मंजुरी दिली, की चिठ्ठी असो वा हात, आपणांस कोण नाही म्हणतो? त्यांचे कुटुंब आशालताबाई यांनी लाडवांचा रिकामा डबा मतपेटी म्हणोन आणोन ठेविला.

आणि मग पार्किंगमध्ये जी चुळबुळ जाहली ती काय सांगावी. फ्लॉसीबाई पेन तोंडात धरोन बसल्या आणि म्हणाल्या, "मनाली, जितेशच्या नऊला मी चौथा नंबर कसा टाकू गो? परवाच माझा सिलिंडर वर आनून दिला त्याने."

जितेश म्हणाला, "आणि मी सातला चौथा टाकला तर नाताळचा केक बंद. रिस्क नाय घ्यायची."

मेघडंबरीत वेळ म्हणजे नुसती वेळ नव्हे, तिजमागे एक शेजारी उभा, आणि तो रोज लिफ्टमध्ये भेटणारा. खालचा नंबर कोणास द्यावा? मग भिडेखातर सर्वांनी एकच तोड काढिली: जी जी वेळ चालण्याजोगी तिजपुढे एक लिहिला, दोन-तीन वेळांपुढे एकच एक, आणि जी मुळीच सोसवेना ती कोरी सोडिली, की कोऱ्याचा कोणास राग येत नाही. डबा उघडिला तो सगळीकडे पहिले नंबर. क्रमच नाही, तर बाद कोणास करावे आणि मते फिरवावी कोणाकडे? सुधाकररावांनी हुकूम केला, की चिठ्ठ्या रद्द, चार कायम, आणि चहा आणावा.

चहा आला. मनालीबाई त्या चिठ्ठ्या चाळीत बसल्या, डोळ्यांत पाणी, आणि चाळता चाळता थांबल्या. जे चालते त्यास खूण, जे न चालते ते कोरे, आणि ज्यास अधिक खुणा तो विजयी. अहो, ही तर मान्यतेच्या मताची रीत! साहेबांनी त्याच बैठकीत सांगितलेली, निम्मी ऐकलेली आणि निम्मी घोरण्यात गेलेली. शेजाऱ्यांनी चूक केली नव्हती, न सांगता दुसरी पद्धत चालविली होती. मग बाई उठल्या आणि म्हणाल्या, "काका, अजून एकदा. नंबर नकोत. जी वेळ चालेल तिच्यापुढे फक्त बरोबरची खूण करा, हव्या तितक्या वेळांना. हे मोजलं की मी परत विषय काढणार नाही."

सुधाकरराव म्हणाले, "करा. माझी वेळ कोणाला चालत नाही, ते मलाही बघू दे."

पुन्हा डबा फिरला, आणि मोजणी सर्वांदेखत जाहली. सातास जवळजवळ सर्वांच्या खुणा; पोरांच्या आयांस चालते, जितेशही अर्धवट जागा राहीन म्हणाला. मग सहा, मग नऊ, आणि तळास चार. सुधाकररावांचा चेहरा उतरला. त्यांनी फेरमोजणी फर्माविली, की फिरणारे मंडळ सहकुटुंब धरिले तर खुणा याच्या दुप्पट हव्या, निम्म्या गेल्या कोठे?

तेव्हा आशालताबाई डब्याचे झाकण लावीत म्हणाल्या, "मोजणी बरोबर आहे. गेलेल्यांतली एक माझी. तुम्ही पंप लावून फिरायला जाता, पाणी मी भरते. इतकी वर्षं मला कोणी विचारलं नव्हतं. आज मनालीने चिठ्ठी दिली, म्हणून सांगितलं."

मंडळातल्या बाकीच्यांच्या बायका आपापल्या कपांत पाहू लागल्या. मग सुधाकररावांनी कमरेची चावी सोडिली आणि लाडवांचे डब्यात ठेविली, आणि पुसले, "मग सातला पंप कोण लावणार?"

"तुम्हीच," आशालताबाई म्हणाल्या. "फिरून आल्यावर. आणि दोन बादल्याही भरा."

पुढे मनालीबाईंनी कचेरीत टिपण रुजू केले, की आपल्या मतदारास शेजाऱ्यापाजाऱ्यांचे क्रम लावावयास सांगू नये, भीड आड येते. काय चालते एवढेच पुसावे, आणि ज्यास सोसावे लागते त्यास एकट्यास पुसावे. साहेबांनी पुसले, हे कोणत्या देशाचे उदाहरण? बाई म्हणाल्या, फुलपाडा. साहेबांनी कागद खाली ठेवोन बाईंकडे पाहिले, तो बाई टक्क जाग्या होत्या.

मेघडंबरीची मोहीम येणेप्रमाणे फत्ते जाहली. हल्ली पहाटे चारास सवयीने मनालीबाईंस जाग येते, कान पंपाचा आवाज शोधितो, आवाज नाही. मग वरचे मजल्यावर आशालताबाईही निजल्या असतील ऐसे त्यांचे मनात येते, आणि त्या कूस बदलोन पुन्हा निजतात. ही फत्ते सर्वांचे साक्षीने दस्त केली असे. सात वाजेतो कोणी बेल वाजवू नये.