अकरा वर्षांचा कापूस

पाळकसाहेबांनी उपदेश केला रविवारी सकाळी आणि घड्याळकाकांनी तो अमलात आणला त्याच दुपारी. घोटाळा झाला तो इथंच. इतरांसारखे काकांनीही दोन-चार दिवस जाऊ दिले असते, तर उपदेश आपोआप निवला असता.

उपदेश साधाच होता. पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी आहे. त्याआधी ज्याच्याविषयी मनात काही खुपत असेल, त्याच्या घरी जाऊन मन मोकळं करा. काकांना एकच गोष्ट खुपत होती आणि ती मनात कमी, कानात जास्त होती. गेली अकरा वर्षं ते उपासनेला कानांत कापूस घालून बसत. दुकानात दिवसभर घड्याळांची टिकटिक ऐकून त्यांचे कान हळवे झाले होते आणि ऑर्गनवाल्या बाई तर अशा वाजवत, की खिडक्यांची तावदानं थरथरत. कापसाची डबी काकू भरून ठेवत. ती फार लवकर संपते, असं काकांना अधूनमधून वाटे. पण एवढ्याशा गोष्टीवरून बायकोला काय विचारायचं, म्हणून ते गप्प राहत.

बाईंच्या दारात काका टोपी हातात घेऊन उभे राहिले.

“बाई, मला तुमची क्षमा मागायचीय.”

“अगंबाई, कशाबद्दल?”

“अकरा वर्षं झाली, मी तुमचं वाजवणं ऐकलेलंच नाही.”

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “क्षमा केली,” त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

काका घरी आले ते पिसासारखे हलके होऊन. “झालं बुवा. डोक्यावरचं ओझं उतरलं.”

“आणि ठेवलंत कुणाच्या डोक्यावर?” काकूंनी विचारलं.

ते सोमवारी कळलं. बाईंनी पाळकसाहेबांना चिठ्ठी पाठवली, की यापुढे आपण ऑर्गन वाजवणार नाही. आणि शनिवारी काकांच्या मुलीचं लग्न होतं. बाईंखेरीज ऑर्गनला हात लावणारा माणूस म्हणजे औषधाचा दुकानदार. त्याला एकच गीत वाजवता येई आणि ते अंत्यविधीचं होतं.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “लहानपणी बाईंच्या मांडीवर बसून मी त्या ऑर्गनच्या पट्ट्या दाबायचे. तेव्हापासून ठरवलंय, लग्नात त्यांच्याच वाजवण्यावर आत यायचं. आता काय मयताच्या चालीवर येऊ?”

काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मंगळवारी पाळकसाहेब समजूत घालायला गेले. “बाई, मनाला लावून घेऊ नका. काका काही एकटेच नाहीत.”

“एकटेच नाहीत म्हणजे? आणखी कोण कोण आहेत?”

पाळकसाहेबांना म्हणायचं होतं, की चुका सगळ्यांच्याच हातून होतात. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, एवढ्यात औषधवाला दारात आला. तोही उपदेश ऐकून आला होता. पहिलं गीत चुकावं म्हणून आपण दर रविवारी मुद्दाम उशिरा येतो, हे त्याला कबूल करायचं होतं. बाईंनी त्यालाही क्षमा केली, तडक चर्चमध्ये जाऊन ऑर्गनला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

शुक्रवारी सकाळी काकूंनी टोपी आणून नवऱ्याच्या हातात दिली. “जा. क्षमा मागितल्याबद्दल क्षमा मागून या.”

“जमेल मला?”

“बोलू नका. नुसते जा.”

काकांनी तेच केलं. रविवारी बाईंच्या भिंतीवर एक बंद घड्याळ त्यांना दिसलं होतं. ते त्यांनी खाली उतरवलं, पिशवीतली हत्यारं काढली आणि जमिनीवर बसून मुकाट्यानं दुरुस्तीला लागले. बाई पाहत राहिल्या. अर्ध्या तासानं त्यांनाच राहवेना.

“काका, मी एवढ्या जोरात का वाजवते, माहितीय? तुमच्यामुळे.”

काकांच्या हातातला स्क्रू खाली पडला.

“तुम्ही दुसऱ्या बाकावर बसता. गाता अगदी जीव ओतून, पण चाल एका गावाला आणि तुम्ही दुसऱ्या. मागची माणसं तुमच्या पाठोपाठ भरकटायला लागली. मग काय करणार, ऑर्गनच्या आवाज वाढवायच्या सगळ्या खुंट्या ओढून वाजवायला लागले.”

“पण बाई, कानात कापूस असल्यावर मला सूर कळणार कसा?”

“आणि कापूस कशाला घातलात?”

“तुम्ही जोरात वाजवता म्हणून.”

आधी कापूस की आधी खुंट्या, हे दोघांनाही आठवेना. प्रथम बाईंना हसू फुटलं, मग काकांना. तेवढ्यात घड्याळ टिकटिक करू लागलं. बाईंनी पर्समधून किल्ली काढली.

“उद्या कापूस नको हं, काका.”

“आणि तुम्ही खुंट्या जरा बेतानं.”

शनिवारी ऑर्गन इतका हळुवार वाजला, की मुलीच्या चपलांचा आवाजही ऐकू येत होता. तिला वेदीपाशी पोचवून काका काकूंशेजारी येऊन बसले. अकरा वर्षांनी ते उघड्या कानांनी गायले, डोळे पुसत, गीताची सगळी कडवी. चाल एका गावाला होती आणि काका अजूनही दुसऱ्याच. बाईंचा हात खुंट्यांकडे गेला आणि परत फिरला.

“बरं झालं ना गाणं?” काकांनी हळूच विचारलं.

काकू समोर पाहत हसत होत्या. काकांनी पुन्हा विचारलं, थोडं मोठ्यानं. काकू हसतच राहिल्या. मग काकांना त्यांच्या कानात, डुलाच्या मागे, काहीतरी पांढरं दिसलं.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाला निघताना काकू दारात घुटमळल्या. “अहो, मला तुम्हाला एक सांगायचं होतं.”

“क्षमा केली,” काका म्हणाले आणि काठोकाठ भरलेली कापसाची डबी त्यांनी काकूंच्या हातात ठेवली.