वसंताचा अंबाडीचा अँटेना

आमच्या कडाव गावात वसंता कुणाच्याही घरी गेला, की चहाच्या आधी त्याचा हात बसायला टाकलेल्या गोणपाटाकडे जातो. एक धागा उपसायचा, जिभेला लावायचा आणि निकाल द्यायचा, "पाणी पितंय हे." माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात त्यानं व्याह्यांच्या बसकराला हात घातला, तेव्हा मी त्याला ओळखतच नसल्यासारखा पंख्याकडे बघत बसलो.

वसंता कर्जतला एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळतो. बांधावर एक डबी रोवायची आणि खाचरात पाणी किती आहे ते तिनं फोनवर कळवायचं, हा त्याचा ध्यास. त्या डबीला काडेपेटीएवढा अँटेना लागतो. लोक प्लॅस्टिकच्या पाटीवर तांब्याची पट्टी चिकटवून तो करतात. वसंताला शेतात प्लॅस्टिक नको, म्हणून पाटी अंबाडीच्या वाखाची, म्हणजे सालीच्या धाग्यांची. वाख कुटायचा, पातळ पसरायचा, दगडी पाट्याखाली दाबून वाळवायचा. पण वाख ओल धरतो, आणि ओल धरली की संदेश भरकटतो. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा ओल धरतात, पण हे त्याला सांगणार कोण?

पहिला अँटेना आमच्या शेळीनं खाल्ला. तांबं तेवढं ठेवलं. मी ओशाळून सांगायला गेलो, तर हा खूश.

"प्लॅस्टिकचा खाल्ला असता का रं तिनं?"

पाट्या मात्र तो आपल्या वडिलांकडूनच करून घेतो. आबांनी एके काळी अख्ख्या गावाच्या गुरांची दावी वळली. मग नायलॉन आलं. पुढे वसंताच्या आई, आमच्या काकी, गेल्या, आणि आबांनी खाटेवर भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. जेवायलासुद्धा हाताला धरून उठवावं लागायचं. अशा म्हाताऱ्याला हा वाख कुटायला बसवतो आणि वर प्रत्येक पाटीला नावं ठेवतो. मला त्याचा भयंकर राग यायचा.

परवा भर पावसात मी त्याला सुनावायलाच गेलो. तो ओटीवर फोन बघत बसला होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "तुझा बांध फुटला वाटतं. माझ्या खाचरात पाणी चढतंय."

घरबसल्या याला कसं कळलं? माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हंजे चालतोय की तुझा अँटेना."

त्यानं माझा हात दाबला. "हळू बोल. वरनं मेणाचा हात दिला तवापासून चालतोय. गेल्या भाताच्या वक्तालाच."

"मग आबांना सांगत का नाय?"

आतून आबा आले, हाताला वाखाचा भुसा, कपाळाला आठ्या. नवी पाटी त्यांनी पोराच्या मांडीवर टाकली.

"आता काय खोट काढतोस बघू."

वसंतानं पाटी उजेडाला धरली, कोपरा जिभेला लावला. "पाणी पितंय, आबा."

आबांनी त्याला एक सणसणीत शिवी हासडली. म्हाताऱ्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते आत वळून सुनेला हाक मारत होते.

"वाढ गं बिगीनं. जेवून परत कुटाया बसायचंय."