हमड्रम जावई

मुलीकडचे लोक हिंगण्याच्या कारखान्यात अनंताची चौकशी करून गेले, ही बातमी तशी चांगलीच होती. घोळ घातला तो साहेबाने. मुलीच्या वडिलांनी, सावनेरच्या लहानूजींनी, "पोरगा कसा हाये?" असं विचारलं, तेव्हा नव्या साहेबाने सिगारेटची राख झटकली आणि म्हटलं, "हमड्रम." कंपनीच्या बसमधल्या एका शहाण्याने तो शब्द नंदनवन वस्तीत अनंताच्या वडिलांच्या, रुपरावांच्या दारात आणून टाकला.

रुपरावांचा जीव टांगणीला लागला. आधीची स्थळं अशीच चौकशीनंतर गप्प झाली होती. ते तडक शेजारच्या मनोहररावांकडे गेले. मनोहररावांचा उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला होता.

"नीरस. रोज तेच ते. चव ना ढव," मनोहररावांनी अर्थ सांगितला.

"म्हणजे शिवी होय का मास्तर?"

"शिवी नाही. पण हा शब्द आयुष्याले लावतात, नोकरीले लावतात. माणसाले फारसा कोणी लावत नाही."

"मंग साहेबानं काहून लावला?"

"पोराले पाहून लावला असन."

रुपराव जाताना गोंधळलेले होते, येताना दुप्पट गोंधळून आले. अनंता सोन्यासारखा पोरगा खरा, पण सोनं निदान चमकतं तरी. रविवारी लहानूजी बायकोला घेऊन घर पाहायला येणार होते. तेव्हा हा डाग धुऊनच काढायचा, असं रुपरावांनी ठरवलं.

पोहे पुढे येताच त्यांनी तोंड उघडलं. "आमचा अनंता लय शौकीन. पिक्चर एक सोडत नाही. पत्ते खेळाले बसला का रात्र पुरत नाही. दोस्त इतके, का घरात पाय टिकत नाही."

आत भागीरथाबाईंनी नवऱ्याचं बोलणं ऐकून कपाळाला हात लावला. अनंता बापाकडे पाहत राहिला. हे कोणाचं स्थळ चाललं आहे, ते त्याला कळेना.

लहानूजींचा घास अडला. "पण साहेब तं हमड्रम म्हणे."

"साहेब नवा हाये जी. त्याले काय मालूम."

"आम्ही गावच्या हेडमास्तरले अर्थ विचारला. रोज तेच ते, म्हणे. माही बायको तं ऐकूनच देवापाशी साखर ठेवून आली."

लहानूजींची बायको सिंधूताई रडवेल्या झाल्या. "माह्या मोठ्या जावयाले रोज नवं सुचते. आज जुगार, उद्या बंबईले जाऊन हीरो होतो. म्हणून म्हटलं, धाकटीले रोज तेच ते करणाराच पाहा. मले तं लय आवडला होता तो शब्द." आणि त्या पदर सावरून उठल्याच.

रुपरावांना घाम फुटला. "बसा वं बाई. मी सारं खोटं बोललो. पोरगा एकदम हमड्रम हाये. माह्या गळ्याची आण."

त्यांच्यावर आता कोण विश्वास ठेवणार? सिंधूताईंनी सरळ अनंतालाच विचारलं, "खरं सांगा बापू, शेवटचा पिक्चर कोणता पाहिला?"

अनंताने बराच विचार केला. "शाळेनं नेलं होतं. मी झोपलो होतो."

"आणि कामावरून आल्यावर काय करता?"

"बसतो."

"कुठं?"

"इथंच."

सिंधूताईंचा चेहरा उजळला. त्यांनी बसून उरलेले पोहे खाल्ले आणि वर अजून मागून घेतले.

निघताना दारात त्यांनी भागीरथाबाईंना बाजूला घेतलं. आवाज हळू होता, पण रुपरावांना ऐकू गेला. "पोरगा पसंत हाये वं विहीणबाई. सासरा मात्र लय रंगेल दिसते. जरा नजर ठेवजा."

रुपरावांनी आयुष्यात कधी साधं पान खाल्लं नव्हतं. आपल्याला नावं ठेवली की आपलं कौतुक झालं, हे त्यांना उमजेना. पाहुणे गेल्यावर त्यांनी पायात चपला अडकवल्या, कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी जाऊन ऐटीत उभे राहिले, आणि काय मागायचं ते न सुचून परत आले.