लॅपटॉपची उत्तरपूजा

आमचे शेजारी शशीदादा नेर्लेकर लॅपटॉप कोरा करण्याआधी त्याची उत्तरपूजा करतात. खोटं नाही सांगत. गणपती हलवण्याआधी आपण करतो, अगदी तशीच. लॅपटॉप पाटावर ठेवायचा, त्यावर अक्षता टाकायच्या, उजव्या हाताने तो जरासा सरकवायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "पुनरागमनाय च!" मग मालकाच्या तळहातावर चमचाभर दही. तो ते चाटेपर्यंत दादांनी रीसेटचं बटण दाबलेलं असतं.

सिंगापुरात बुकित तिमाहच्या आमच्या काँडोत मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, पण प्रत्येक घरातला लॅपटॉप एकदा तरी त्या पाटावर बसून आलाय. माझा आला तेव्हा अक्षतेचा एक दाणा एंटरच्या बटणाखाली अडकला. पुढे कितीतरी दिवस एंटर दाबलं की 'कुर्र' व्हायचं. तक्रार केली तर म्हणाले, "प्रसाद समज."

दादा हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत आयटी मॅनेजर आहेत. मूळचे पुण्याचे, तेव्हा प्रत्येक गोष्टीवर मत असणं आलंच. जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर त्यांचं औषध एकच: "फॅक्टरीला परत!" पोट बिघडलंय? मुगाची खिचडी खा, पोट फॅक्टरीला परत. मराठी मंडळाच्या कमिटीत भांडणं? सगळ्यांनी राजीनामे द्या, मंडळ फॅक्टरीला परत. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवर ते बिनदुधाची, बिनसाखरेची कोपी-ओ कोसोंगच पितात. का, तर कॉफी फॅक्टरीतून अशीच निघते. वहिनी नोव्हेनाच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहेत. त्या म्हणतात, "मला अजून परत पाठवलं नाही, कारण माझी वॉरंटी संपलीय."

जुन्या फाइल्स गेल्या म्हणून कुणी हळहळलं की दादा करवादतात. "जुन्यात जीव अडकवू नये रे. मशीन मोकळं, माणूस मोकळा!"

तर अशा या माणसाने माझ्या आईला शब्द दिला. आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आली होती. बहिणींशी व्हिडिओवर बोलायला आणि दुपारी कीर्तनं ऐकायला तिला स्वतःचं काहीतरी हवं होतं. दादा उत्साहाने म्हणाले, "मावशी, नवा कशाला घेता? आमच्याकडे जुना पडलाय. फॅक्टरीला पाठवतो आणि आणून देतो."

आणि मग दादा टाळायला लागले. एका शनिवारी म्हणे चार्जर तापत होता. पुढच्या शनिवारी अमावास्या निघाली. त्यानंतर तर त्यांनी चक्क "अक्षता संपल्यात" म्हणून सांगितलं, जणू सिंगापुरात तांदूळ मिळायचाच बंद झाला होता. आईने बहिणींना सांगून ठेवलं होतं, त्या तिकडे रोज विचारत होत्या. "द्यायचा नसेल तर तसं सांगावं ना माणसाने," आई फुरंगटून म्हणाली.

शेवटी एका रविवारी दुपारी आईला घेऊन मी थेट त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. वहिनी ड्यूटीवर होत्या. आम्हाला बघून दादांनी मुकाट्याने पाट मांडला. अक्षता टाकल्या, लॅपटॉप सरकवला, "पुनरागमनाय च" म्हणाले. आवाज मात्र नेहमीसारखा लागला नाही. आईच्या हातावर दही घातलं. आईने ते खाल्लं, हात पुसला, तरी बटण काही दाबलं जाईना.

"दादा, फोटो काढून घ्यायचे राहिलेत का?" मी विचारलं.

"सगळं काढलंय."

"मग?"

त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि पुन्हा चालू केला. घरघर करत, कण्हत तो एकदाचा जागा झाला आणि आतून एक लहान मुलगी ओरडली, "बाबा, तू आलास! खाऊ काय आणलास?"

तो त्यांच्या लेकीचा, ईराचा आवाज होता. प्रायमरी स्कूलमध्ये असताना तिनेच तो भरून ठेवला होता. लॅपटॉप चालू झाला की वाजायचा. ईरा आता मेलबर्नला शिकते. दादा फोन करतात तेव्हा तिकडून येतं, "बिझी लाह, बाबा. टॉक लेटर, कॅन?" तिच्या तोंडून मराठी ऐकल्याला आम्हालाही वर्षं लोटली.

"अहो, मग आवाज तेवढा कॉपी करून घ्या ना," मी म्हणालो.

"घेतलाय रे. फोनमध्ये आहे, ऑफिसात आहे," दादा पडद्याकडे बघत म्हणाले. "पण तिथे मी लावला तर वाजतो. इथे ती आपणहून बोलते."

आईने पाट हलकेच दादांकडे सरकवला.

"शशी, मला नको बाई हा. केवढा घरघरतो! त्यात कीर्तन काय ऐकू येणार?"

"पण मावशी, उत्तरपूजा झालीय," दादा खरोखरच घाबरले होते. "आता ठेवून कसा चालेल? विसर्जन करावंच लागतं."

"पुनरागमनाय च म्हणालास ना? म्हणजे परत ये असंच ना? मग आली की ती. चालू कर बघू पुन्हा."

दादांनी पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. बराच वेळ नुसती घरघर झाली.

"बाबा, तू आलास! खाऊ काय आणलास?"

दादांनी इकडे तिकडे बघितलं. पाटाशेजारची वाटी उचलली.

"दही," ते हळूच म्हणाले.